बापूजी केला

आर्णी
१४ जुलै २०२५

शालिककाका,

नमस्कार-चमत्कार लिहीत नाही. मनात नाही तं कागदावर कायले आणू? तुमाले तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "अवं बाई, हसून सोडून दे" म्हणले अन् फोन ठेवून देला. म्हणून हे रजिस्टर पत्र. पंचवीस वर्षं तुम्ही चिंचवाहीचं पोस्ट सांभाळलं. रजिस्टर पत्र सही करून घ्या लागते अन् त्याचं उत्तर द्या लागते, हे लहानपणी तुम्हीच मले सांगतलं होतं. आता द्या उत्तर.

मागच्या सोमवारी अंकुरनं माह्या दुकानाच्या नंबरवर कागद पाठवले, प्रिंट काढून ठेव म्हणे. माह्यं झेरॉक्सचं अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान, दिवसाले शंभर कागद निघतेत, मी पाहत बी नाही. पण हा पाहिला. राजपत्रात नाव बदलाचा अर्ज. जुनं नाव अंकुर बापूजी खामनकर. नवं नाव अंकुर तानाबाई खामनकर. आईचं नाव लावलं त्यात वाईट काहीच नाही. पण माह्या सख्ख्या भावानं ते आईसाठी नाही लावलं, बाबाचं खोडाले लावलं.

काहून, ते तुमाले चांगलं माहीत आहे. अंकुर मारेगावात मास्तर आहे. तास संपाले दहा मिनिटं असले की पोट्टे बेंच वाजवतेत, "सर, बापूजी करा न, सर, बापूजी करा!" यष्टी वेळेच्या आधी सुटली तं "गाडी बापूजी गेली". तूर कच्चीच कापली तं "बापूजी तूर". लाइनीत घुसला तं "बापूजी नंबर". लग्नाले सात महिने अन् घरात पाळणा हलला तं "बापूजीचं पोट्टं". परवा यवतमाळचा एक अनोळखी माणूस माह्या काउंटरवर म्हणते, "ताई, फॉर्म बापूजी झाला, फोटो लावाच्या आधीच सबमिट केला." मी विचारलं, हा बापूजी कोण? तो म्हणे, "कोणी नाही जी, असं म्हणतेत."

कोणी नाही! माह्या बापाले म्हणते कोणी नाही!

हे सगळं तुमच्या एका झडतीनं, पोळ्यात म्हणाच्या एका टोमण्याच्या गाण्यानं केलं. नव्व्याण्णवच्या पोळ्याले बाबाची जोडी उधळली, पाटलाचा मानाचा बैल जायच्या आधी तोरण तोडून पळाली, अन् दुसऱ्याच दिवशी तुम्ही चार ओळी जुळवून साऱ्या गावाले हसवलं. जोडीदार होते न तुम्ही बाबाचे? एका ताटात जेवलेले?

अंकुर शाळेचा दाखला घ्याले घरी गेला तेव्हा बाबानं विचारलं, कायले पायजे? त्यानं सांगून टाकलं. बाबा "बरं" म्हणले अन् दाखला काढून देला. तेव्हापासून बाबा वावरातल्या गोठ्यात राहून राहिले. आई डबा नेऊन देते. बाबा घरात पाय ठेवत नाही.

अर्ज मी दाबून ठेवला आहे. अंकुर थांबणार नाही, तो दुसऱ्या दुकानात जाईन. पोळा महिनाभरावर आहे. या पोळ्याले तोरणाखाली उभं राहून, माइकवर, साऱ्या गावासमोर तुमची झडती मागं घ्या. नाहीतर मी येते.

निकिता

---

चिंचवाही
२२ जुलै २०२५

बेटा निकू,

तुह्यं रजिस्टर सही करून घेतलं. नवा पोस्टमन मले म्हणे, काकाजी, तुमाले कोणी नोटीस धाडली काय? म्हणलं, नोटीसच समज बावा, लेकीची हाय.

किती राग भरते तू वं! लहानपणीही अशीच होती, बोर आंबट निघालं तं झाडाले लाथ मारत होती. आता माह्यं आयक. झडती म्हणजे झडती. पोळ्याच्या दिवशी बैलं तोरणाखाली उभे राह्यले की पाटील सुटत नाही, सरपंच सुटत नाही, सोयरा सुटत नाही. माह्याच बायकोवर मी झडती केलती, तिच्या भाकरीवर. ते आठ दिवस बोलली नाही अन् मंग हसली. गावात ज्याच्यावर कोणी हसत नाही, थो माणूस गावात नसल्यासारखाच हाय.

आता चार ओळी लोकायच्या तोंडात बसल्या तं मी काय करू? वारं धरून ठेवू? दुसरेही बापूजी हायेत तालुक्यात, त्यायच्या पोरायनं नाही अर्ज केले.

अन् तुह्या बापानं मले एका शब्दानं कधी म्हणलं नाही. सव्वीस वर्षांत मी त्याच्या घरी चहा प्यालो असन दहा हजार वेळा. पहिल्यांदा झडती आयकली तवा थो हसला होता. मी पायलं. त्याले वाईट नाही वाटलं, तं तुले काहून?

बैलं का कोणी मुद्दाम सोडले होते? मांगं कोणाची तरी फटाक्याची लडी फुटली, जनावर बुजलं, पळालं. पाटलाचे वडील मधात आले, पडले, कंबर मोडली. होते असं. बापूजीचं नशीब खराब.

अंकुरले शरम वाटत असन तं त्याच्या एक कानाखाली वाजव. मास्तर झाला तं काय झालं? गोठ्यात मी जाऊन येतो, बापूले समजावतो. अन् मागं-बिगं घेणं काही होत नसते. कढी सांडली ते सांडली.

आमच्या जावयबुवाले नमस्कार.

शालिककाका

---

आर्णी
२९ जुलै २०२५

शालिककाका,

लडी? कोणती लडी?

तुमचं पत्र घेऊन मी रविवारी गावाले गेलते. तुमच्या दारावरून गेले, आत आले नाही. आईले विचारलं. आई म्हणे त्या वर्षी लडी-बिडी कोणीच फोडली नाही, कारण पाटलाचे वडील आजारातून उठले होते अन् गावानं दवंडी देऊन फटाके बंद ठेवले होते. अन् आईनं दुसरीही गोष्ट सांगतली, जे तिनं मले आजवर कधी सांगतली नव्हती. संध्याकाळी बैल सापडला तेव्हा त्याच्या मांडीवर भोक होतं, रक्त वाळलं होतं. तिनंच हळद भरली. तुतारीची, बैल हाकाच्या काठीची, अणी खोल घुसवल्याशिवाय असं भोक पडत नाही.

म्हणजे माह्या बापाचे बैल उधळले नाही, कोणी तरी उधळवले! अन् तुम्ही मले लडी सांगता?

"त्याले वाईट नाही वाटलं, तुले काहून?" असं विचारता न? मंग आयका. पाचवीत हजेरी घेताना सर "निकिता बापूजी" म्हणत अन् सारा वर्ग बाक वाजवे. सर बी हसत. मी हात वर करत नव्हते, गैरहजेरी लागत होती, घरी मार खाल्ला पण कारण नाही सांगतलं. दहावीत तालुक्यातून तिसरी आली, स्टेजवर नाव पुकारलं, तेच. माह्या लग्नात वऱ्हाडाची जीप ठरल्याच्या तासभर आधी आली तं नवरदेवाचे मित्र उतरल्या उतरल्या ओरडले, "बापूजी वऱ्हाड! बापूजी वऱ्हाड!" त्यायले माहीत बी नव्हतं नवरीचा बाप कोण आहे. बाबा पाण्याचे गिलास घेऊन समोर उभे होते. हसत होते, काका. ते हसणं म्हणजे वाईट न वाटणं आहे, असं तुम्ही समजता? त्या मांडवात तुम्हीच भात वाढत होते. तुमच्या तोंडातून एक शब्द निघाला?

यातलं बाबाले मी काहीच सांगतलं नाही. त्यायले वाटते, गावातली मजाक गावातच राहिली. अंकुरचा कागद पाहून त्यायले पहिल्यांदा समजलं की आम्ही काय खाऊन मोठे झालो.

मले माहीत आहे हे कोणाचं काम आहे. पाटलाचा सालदार, सालभराचा गडी. बाबाची जोडी त्या वर्षी साऱ्या गावात उजवी होती, पाटलाच्या डोळ्यात खुपत होती. त्यानंच माणूस लावला असन, अन् म्हातारा मधात आला म्हणून गळ्याशी आलं. तुम्ही बाबाच्या मागंच उभे होते, आई म्हणते. तुम्ही पाहिलं असन. पाटलानं तुमाले पोस्टात चिकटवलं म्हणून तुम्ही सव्वीस वर्षं तोंड शिवलं. आता तं रिटायर झाले, आता कायचं भेव?

त्या माणसाचं नाव पायजे मले. लिहून पाठवा, अन् पोळ्याले माइकवर सांगा.

निकिता

---

चिंचवाही
८ ऑगस्ट २०२५

निकिता,

आठ दिवस झाले तुह्यं पत्र उशाखाली हाय. पाटलानं काही केलं नाही. सालदाराचंही नाव घेऊ नोको, थो बिचारा मेला. 

तुतारी माह्या हातात होती.

लिवलं. आता पुरं लिवतो. तू अर्धं वाचून फाडू नोको.

तुले पोळ्याची रीत माहीत हाय. ज्याच्याजवळ बैल, त्याचा पोळा. माह्याजवळ ना वावर ना बैल. माह्या बापाजवळ नव्हते, त्याच्या बापाजवळ नव्हते. बिनबैलाचा माणूस पोळ्यात बायायसंगं कडेले उभा राहते. पण तुह्या बापानं मले कधी कडेले उभं राहू देलं नाही. बारा वर्षं दर पोळ्याले आपल्या जोडीतल्या एका बैलाचा कासरा माह्या हातात दे. मी बैल धुवो, शिंगं रंगवो, धोतर नेसून तोरणाखाली उभा राहो. सालभर मी त्या एका दिवसाची वाट पाहो.

त्या वर्षी त्याचा साळा आला. मी सकाळपासून बैल सजवले. वेशीवर गेलो तं बापूनं कासरा साळ्याच्या हातात देला अन् मले म्हणे, "शालिक, तू औंदा मांगं उभा राय. तुह्ये काय बैल हायेत?" सहज म्हणे. हसून म्हणे. सारी लाइन हसली.

मले इतका राग आला निकू, का कानात नुसता आवाज होऊन राह्यला होता. बाजूवाल्याची तुतारी घेतली. वाटलं बैल थोडा उडन, साळा चिखलात पडन, आपण हसू. अणी किती खोल गेली ते मले समजलंच नाही. मंग तोरण, पाटलाचे वडील, बोंबाबोंब. बापूनं वळून पायलं. तुतारी माह्या हातातच होती. आमची नजरानजर झाली.

संध्याकाळी गोठ्यात गेलो. पाया पडलो असतो. थो बैलाच्या पाठीवरून हात फिरवून राह्यला होता. म्हणे, "तुतारी विहिरीत फेक. पोस्टाची ऑर्डर पाटलाच्या सहीनं याची हाय तुही." बस, एवढंच.

अन् मी काय केलं? गाव विचाराले लागलं होतं, बैल आपोआप कसा पळते? कोणी मांगं होतं काय? वाटलं, आता माह्यं नाव निघन. म्हणून दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याले, लेकरायच्या पोळ्यात, झडती जुळवली.

पाटलाच्या बैलाले झूल भारी,
बापूजीची जोडी पळे दारोदारी,
नवरदेव वेशीवर, वऱ्हाड जेवून गेलं,
बापूजीनं तोरणाआधी पोळ्याचं बारसं केलं!

लोकं हसले अन् विचारणं बंद झालं. मी बी मनात म्हणलो, सुटलो.

आता तू मले काय म्हणाचं ते म्हण.

शालिक

---

आर्णी
१२ ऑगस्ट २०२५

शालिक,

काका लिहाले हात होत नाही.

दहा हजार चहा. आईच्या हातचे. लाज नाही वाटली? मी बाळंतपणाले आली तेव्हा तुम्ही माह्या पोरीले मांडीवर घेऊन खेळवलं. ते बी त्याच हातानं.

बाबावर तं याहून जास्त राग आहे. तुमची नोकरी वाचवाले आमचं नाव देलं त्यानं! दोस्ताले द्याले त्याच्याजवळ स्वतःचं नाव होतं, पण ते आमच्याही अंगावर होतं, हे नाही समजलं त्याले? गेलते मी गोठ्यात. विचारलं, तुतारी कोणाची होती बाबा? म्हणे, "कोणाची नाही. जा घरी, ऊन लागन." एवढ्या वर्षांनी बी तुमचं नाव तोंडातून निघालं नाही.

अंकुरले तुमचं पत्र दाखवलं. तो म्हणे, या कागदाचं मी काय करू ताई? हे पोट्टे वाचणार आहे काय?

बरोबर बोलला. जे तोंडानं पसरलं ते तोंडानंच जाईन. बावीस तारखेले पोळा आहे. झडतीनंच केलं न? मंग झडतीनंच फेडा. तोरणाखाली, माइकवर, स्वतःचं नाव घालून. तुम्ही मागं हटले तं हे पत्र मी झेरॉक्स काढून तालुकाभर वाटीन. माह्यंच मशीन आहे.

मी येणार नाही. तुमचं तोंड पाहाची ताकत नाही. अंकुर येईन, तो ऐकन.

निकिता

---

चिंचवाही
२६ ऑगस्ट २०२५

निकिता,

तुले अंकुरनं फोनवर सांगतलं असन. तरी उत्तर देणं माह्यं काम हाय.

पोळ्याले मी गेलो. आता बैल थोडे अन् ट्रॅक्टर जास्त, त्यायलेही हार घालून तोरणाखाली उभे करतेत. मी माइक मागतला. पोट्टे खूश झाले, म्हणे काकाजी लय वर्षांनी. मी म्हणलो,

टपालवाल्या शालिकची तुतारी अणीदार,
टोचली त्यानं बैलाले, झाली मारामार,
बापूजीले हसले गाव सव्वीस साल,
चोर होता शालिक, करा त्याचे गाल लाल!

अन् सारं गाव हसलं. "हर बोला हर हर महादेव" असं दणकून म्हणले का वडावरचे बगळे उडाले. मी हात जोडले. म्हणलो, अबे, हे झडती नोहे, हे खरं हाय, मी टोचलं, ह्या हातानं. तं आणखीच हसले. म्हणे म्हातारा फॉर्मात हाय. लटारूचा नातू आला अन् माह्ये दोन्ही गाल थापटून गेला, लाल झाले काय काकाजी, म्हणे. कोणी मोबाइलमधी घेतलं. माइक ओढून घेतला. पोळा फुटला, बैलं घराकडे निघाले.

तुह्यं चुकलं निकू, अन् माह्यं त्याहून जास्त चुकलं. तोरणाखाली खरं सांग म्हणली तू. साठ वर्षं मी तोरणाखालच्या झडत्या आयकतो, तेथं बोललेलं कोणी कधी खरं मानलं हाय काय? मले समजाले पायजे होतं. कदाचित समजलंही होतं, म्हणूनच मी तयार झालो असन.

भोंगा वावरापर्यंत आयकू जाते. बापूनं गोठ्यात सारं आयकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात तान्हा पोळा होता. लेकरं लाकडाचे बैल घेऊन बसले होते, मोठे लोक मांगं खुर्च्यावर. एक दुसरी-तिसरीतलं पोरगं उठलं अन् झडती म्हणाले लागलं. माही. जुनी. "बापूजीची जोडी पळे दारोदारी." तेवढ्यात तुह्या बापाले मी फाटकातून येताना पायलं. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, मांगं अंकुर. थो थांबला. पोराले पुरी झडती म्हणू देली. मंग समोर गेला अन् माइक मागतला.

अंकुरनं त्याच्यासमोर माइक धरला. माइकवालं पोट्टं म्हणे, आजोबा कोण? अंकुर म्हणे, "माझे वडील. बापूजी खामनकर." त्या लेकरानं आपला लाकडी बैल खाली ठेवला अन् विचारलं, "बापूजी माणूस हाय?"

पहिले लोकं हसले. मंग हसणं थांबलं.

बापूचा असा आवाज मी जन्मात आयकला नव्हता. म्हणे, "हाव, माणूस हाय. पाहून घे. बैल माह्ये सुटले, त्यात म्हातारा माणूस पडला, त्याच्यासाठी मी पाटलाच्या पाया पडलो. कोणी सुटवले ते मले माहीत हाय, अन् मी ते सांगनार नाही. पण हसले कोण कोण, ते बी मले माहीत हाय. आज ते सांगतो."

अन् त्यानं नावं घेतले. एक एक. बापाच्या नावासकट. "लटारू पुंडलिक बोढे, तू हसला. माह्या पोरीच्या लग्नात जेवून हसला. दौलत ढवस, तू हसला, पोराले शिकवून हसला. उकंडराव, तू. कवडू, तू मेला, पण तुह्या पोरानं आयकावं, तू पारावर बसून रोज हसला. पाटील, तुमी हसले, तुमचा बाप खाटेवर होता तरी हसले." खुर्च्यावर लोकं माना खाली घालून बसले. कोणी उठत नव्हतं. त्यानं साळ्याचं नाव घेतलं. दोन मास्तरायचे घेतले, ज्यायनं तुह्या वर्गात बाकं वाजवू देले. ते त्याले कसं माहीत, मले माहीत नाही. तानाबाईकडे पाहून म्हणे, "तू बी एकदा हसली. मी पायलं." ते तोंडाले पदर लावून रडली. मंग म्हणे, "माह्या पोरानं कागदावरून माह्यं नाव काढाचं ठरवलं. काढू दे त्याले. मी काही म्हणत नाही. पण आधी तुमी तोंडातून काढा. अन् नाही निघत तं पुरं घ्या, बापूजी सोमाजी खामनकर. माणसाचं घेतेत तसं घ्या."

चाळीस नावं झाले असन. मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. प्रत्येक नावाले वाटे आता माह्यं. घे बावा, एकदाचं घे. हात गुडघ्यावर ठेवून बसलो होतो. लटारू, दौलत, उकंडराव, साऱ्यायचे झाले. ज्यानं झडती जुळवली, ज्यानं पहिल्यांदा हसवलं, त्याचं आलं नाही.

थो खाली उतरला. अंकुरनं त्याचा दंड धरला होता. माह्या खुर्चीपासून हातभर अंतरावरून दोघंही गेले. मी उभा झालो.

"बापू," म्हणलो, "माह्यं राह्यलं."

थो थांबला नाही.

शालिक